बेड्या विकून आणलेली पुस्तके



आज आपण एका विद्यापीठाची गोष्ट वाचणार आहोत. विद्यापीठ म्हणजे कॉलेजाच्याही वरची मोठी शाळा. हे विद्यापीठ फार लांब आहे. अमेरिकेत टेनेसी नावाचे राज्य आहे. तिथल्या नॅशव्हिल शहरात हे फिस्क विद्यापीठ आहे. एवढ्या लांबची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. जरा धीर धरा. ही गोष्ट फिरत फिरत आपल्या नागपुरापर्यंत येणार आहे.

१. गुलामांची शाळा

अमेरिकेच्या दक्षिण भागात पूर्वी काळ्या माणसांना गुलाम करून ठेवीत. त्यांच्या वाडवडिलांना आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेले. बाजारात बैल विकावा तशी माणसे विकली जात. आई एका मालकाकडे, लेकरू दुसऱ्याकडे. गुलामाला लिहायला वाचायला शिकवणे हा कित्येक राज्यांत गुन्हा होता. का बरे? मालकांना भीती वाटे. ज्याला वाचता येते त्याला फार दिवस दाबून ठेवता येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत मोठे यादवी युद्ध झाले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे १८६६ च्या जानेवारीत, ही शाळा उघडली. इमारत कसली? लढाईत जखमी झालेल्या शिपायांच्या इस्पितळाच्या जुन्या बराकी! क्लिंटन फिस्क नावाच्या सेनाधिकाऱ्याने मदत केली, म्हणून शाळेला त्याचे नाव दिले.

आता ऐका. पहिले विद्यार्थी किती वयाचे होते? सात वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंत! केस पिकलेली माणसे नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर अक्षरे गिरवू लागली. या वयात शिकून काय करायचे, असे त्यांनी म्हटले नाही. जन्मभर जे दाराआड ठेवले होते, त्याचे दार आता उघडले होते.

पुस्तकांना पैसे नव्हते. गावात गुलामांना डांबायचा जुना कोंडवाडा होता. तिथे गंजलेल्या बेड्या पडल्या होत्या. त्या मोडीत विकल्या आणि त्या पैशांतून अंकलिप्या आणल्या, अशी आठवण सांगतात. ज्या लोखंडाने हातपाय बांधले, त्याच लोखंडाने अक्षरे विकत आणली.

२. गाण्यांवर उभी राहिलेली इमारत

पाच वर्षांत शाळेची तिजोरी रिकामी झाली. शाळा बंद पडायची वेळ आली. तेव्हा जॉर्ज व्हाइट नावाच्या गोऱ्या शिक्षकाने एक धाडस केले. ते शाळेचे खजिनदार होते आणि गाणेही शिकवीत. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी ते नऊ विद्यार्थी घेऊन गावोगाव गायला निघाले. त्यांतले बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले. एला शेपर्ड ही त्यांतली एक मुलगी. ती लहान असताना तिच्या बापाने मालकाला पैसे मोजून तिला सोडवले होते.

आपल्याकडे बाया जात्यावर ओव्या म्हणत. सुखदुःख त्यांत ओतीत. तशी त्या गुलामांचीही गाणी होती. शेतात राबताना म्हणायची, देवाला हाक मारायची. ही गाणी चारचौघांत गायला मुलांना आधी संकोच वाटे. पण तीच गाणी ऐकून लोकांचे डोळे भरून येऊ लागले. कित्येक ठिकाणी काळे म्हणून त्यांना मुक्कामाला जागा देत नसत. तरी ती गात राहिली. १८७३ साली ती इंग्लंडला गेली आणि व्हिक्टोरिया राणीपुढे गायली. त्या कमाईतून मोठी पक्की इमारत उभी राहिली. तिचे नाव ज्युबिली हॉल. आजही ६ ऑक्टोबर हा दिवस फिस्कमध्ये त्या गायकांच्या आठवणीत पाळतात.

३. विद्यार्थी बोलू लागले

१८८८ साली विल्यम ड्यू बॉइस नावाचा तरुण फिस्कमधून पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे ते मोठे विद्वान झाले. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी त्यांनी जन्मभर लेखणी झिजवली.

शाळा काळ्या मुलांची, पण कारभार गोऱ्यांच्या हाती होता. १९२० नंतरच्या काळात मॅकेंझी नावाचे गोरे गृहस्थ विद्यापीठाचे प्रमुख होते. त्यांची शिस्त फार कडक. कपडे कसे घालायचे, कुणाशी बोलायचे, सगळ्याला नियम. विद्यार्थ्यांचे मासिक बंद केले. विद्यार्थ्यांची समिती नको म्हणाले. १९२४ साली ड्यू बॉइस आपल्या जुन्या शाळेत आले आणि भर सभेत त्यांनी या कारभारावर टीका केली. १९२५ च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांनी संप पुकारला. पोलीस आले, काही मुलांना धरून नेले. पण गावातले काळे लोक मुलांच्या पाठीशी उभे राहिले. शेवटी एप्रिलमध्ये मॅकेंझींनी राजीनामा दिला.

मी स्वतः पुष्कळ वर्षे हेडमास्तरकी केली. म्हणून हे लिहिताना जरा थांबलो. शिस्त पाहिजे, यात वाद नाही. पण मुलांचे तोंड बंद करणे म्हणजे शिस्त नव्हे. १९४७ साली चार्ल्स जॉन्सन हे फिस्कचे पहिले काळे प्रमुख झाले.

४. नागपूरचा धडा

आता नागपूरची गोष्ट. जेम्स लॉसन नावाचा एक काळा तरुण होता. त्याने लढाईवर जायला नकार दिला, म्हणून त्याला वर्षाहून अधिक तुरुंगवास भोगावा लागला. सुटल्यावर १९५३ साली तो ख्रिस्ती मिशनतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. तीन वर्षे तिथे राहिला. गांधीजींना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती, पण सत्याग्रह पाहिलेली माणसे होती. लॉसनने सत्याग्रहाचा नीट अभ्यास केला. अमेरिकेत माँटगमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. ही बातमी त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली.

१९५६ साली तो परत गेला. १९५७ साली त्याची आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली. दक्षिणेत या, तुमची गरज आहे, असे किंग यांनी सांगितले. लॉसन नॅशव्हिलला गेला. तिथे एका चर्चमध्ये त्याने तरुणांचे वर्ग सुरू केले. शिकवायचे काय? मार खाऊनही हात उगारायचा नाही. नुसते सांगून भागत नाही, म्हणून सराव घेत. काही मुले गुंड होत. शिव्या देत, तोंडावर धूर सोडीत, खुर्चीवरून ओढीत. बाकीच्यांनी शांत बसून राहायचे.

५. स्टुलावरचा सत्याग्रह

नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत खाण्याची सोय असे. एक लांब फळी आणि तिच्यापुढे उंच स्टुले. काळ्या माणसाने त्याच दुकानात साबण घ्यावा, कापड घ्यावे. त्याचा पैसा चाले. पण स्टुलावर बसून चहा मागितला तर मिळत नसे.

फिस्कमध्ये डायन नॅश नावाची विद्यार्थिनी होती. शिकागोची, वय एकवीस. ती लॉसनच्या वर्गाला जाऊ लागली. विद्यार्थ्यांनी तिला आपली पुढारी निवडली. मनातून आपण फार घाबरलो होतो, असे तिनेच पुढे सांगितले आहे. तरी ती मागे हटली नाही. गावातल्या दुसऱ्या कॉलेजांची मुलेही येऊन मिळाली. त्यांतला एक जॉन लुइस. हा शेतकऱ्याचा मुलगा पुढे अमेरिकेच्या लोकसभेत निवडून आला आणि २०२० साली मरेपर्यंत तिथे होता.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभरावर विद्यार्थी नीटनेटके कपडे घालून तीन दुकानांत गेले आणि स्टुलांवर बसले. वाढणारे वाढीनात. मुले पुस्तके उघडून अभ्यास करीत बसली. २७ फेब्रुवारीला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने त्यांना मारले, खाली ओढले. कुणीही उलट हात उचलला नाही. पोलिसांनी ऐंशीच्या आसपास विद्यार्थी पकडले. मारणारे मात्र मोकळे राहिले. कोर्टाने दंड केला. अनेकांनी दंड भरला नाही, ती तुरुंगात गेली. लॉसनला त्याच्या विद्यापीठाने काढून टाकले. इकडे काळ्या कुटुंबांनी बाजारातली खरेदी बंद केली. दुकाने ओस पडली.

१९ एप्रिलला पहाटे मुलांच्या वकिलाच्या घरावर सुरुंग टाकला. वकील लूबी आणि त्यांची पत्नी थोडक्यात वाचले. त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्याने चालत नगरपालिकेवर गेले. तिथे पायऱ्यांवर डायनने नगराध्यक्ष बेन वेस्ट यांना सरळ विचारले: केवळ रंगावरून माणसाला दूर ठेवणे तुम्हाला चूक वाटते की नाही? साधा प्रश्न. वेस्ट यांनी सर्वांसमक्ष कबूल केले की होय, चूक वाटते. १० मे १९६० पासून सहा दुकानांतली स्टुले सर्वांना खुली झाली.

लॉसन २०२४ साली वारले, वय पंचाण्णव. ज्या विद्यापीठाने त्यांना काढले, त्यानेच २००६ साली त्यांना शिकवायला सन्मानाने बोलावले. डायन नॅश यांना २०२२ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचा मोठा सन्मान मिळाला.

६. आपण काय घ्यावे?

बराकीतल्या शाळेत सत्तर वर्षांचे आजोबा अक्षर शिकले. चौऱ्याण्णव वर्षांनी त्याच शाळेतली मुलगी नगराध्यक्षाला प्रश्न विचारू शकली. मधल्या पिढ्यांनी काय केले? कुणी गायले, कुणी लिहिले, कुणी संप केला, कुणी मार सोसला. एकाच्या कामावर दुसऱ्याचे काम उभे राहिले.

तुम्ही रात्री दमूनभागून वर्गाला येता. अक्षर वाकडे येते, हात थरथरतो. कधी वाटते, पुरे झाले हे. तेव्हा त्या बेड्यांची आठवण ठेवा. आज सही शिकलात, उद्या सातबारा वाचाल, परवा कचेरीत उभे राहून विचाराल, साहेब, हे असे का? तो प्रश्न विचारता यावा म्हणूनच ही पाटी आहे.

सांगा पाहू

१. गुलामांना वाचायला शिकवू नये, असे मालकांना का वाटे?
२. फिस्कची मोठी इमारत कोणाच्या कमाईतून उभी राहिली?
३. लॉसन नागपुरात काय शिकले? त्याचा उपयोग पुढे कुठे झाला?
४. डायन घाबरली होती, तरी पुढे गेली. तुमच्या आयुष्यात असा प्रसंग आला आहे का? चार ओळी लिहा.