एकच पाणी, दोन होड्या : मेरिट आयलंड अभयारण्याचा धडा

सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क असतो; परंतु सर्वांनी तो एकाच वेळी आणि एकाच रीतीने बजावण्याचे ठरविले, तर ते पाणी कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही. गावतळ्यापासून समुद्राच्या खाडीपर्यंत हा अनुभव सारखाच आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील मेरिट आयलंड राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात हा प्रश्न यांत्रिक होड्या पळविणारे आणि शांतपणे गळ टाकून बसणारे यांच्यात उभा राहिला. तेथे कोणालाही हाकलून न देता पाण्याची वाटणी कशी करण्यात आली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

अग्निबाणांच्या सान्निध्यातील अभयारण्य

अंतराळ मोहिमांच्या तळासाठी अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने १९६२ साली या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणावर जमीन संपादन करण्यास प्रारंभ केला. प्रक्षेपणस्थळांभोवती मोकळे राखणे आवश्यक असलेले क्षेत्र १९६३ मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून मत्स्य व वन्यजीव सेवेच्या व्यवस्थापनाखाली आले. त्याचा विस्तार सुमारे १,४०,००० एकर, म्हणजे जवळजवळ ५७,००० हेक्टर आहे. त्यात दलदल, खाऱ्या पाण्याची तळी आणि इंडियन रिव्हर लगूनचा काही भाग येतो. लगून म्हणजे वाळूच्या दांड्यामुळे समुद्रापासून जवळजवळ अलग झालेली लांबट, उथळ खाडी. ही खाडी सुमारे २५० किलोमीटर लांब असून तिची सरासरी खोली अवघी चार फुटांच्या आसपास आहे. याच खाडीतील पेलिकन बेटावर १९०३ साली अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य स्थापन झाले होते.

गवत, मॅनेटी आणि पंखा

या उथळ तळावर समुद्री गवत वाढते. लहान मासे, कोळंबी आणि खेकडे त्यात आसरा घेतात आणि त्यांच्यामागे मोठे मासे येतात. आपल्या देशाच्या सागरातील समुद्रगायीचा दूरचा आप्त असलेला मॅनेटी हा अवजड, संथ सस्तन प्राणी याच गवतावर जगतो. त्याचे वजन सर्वसाधारणपणे साडेचारशे किलोग्रॅम भरते. श्वासासाठी त्याला वारंवार पृष्ठभागाकडे यावे लागते आणि वेगवान होडी चुकविणे त्याला अवघड जाते. पाठीवरील पंख्याच्या जखमांचे व्रण पाहून संशोधक एकेक प्राणी ओळखतात, यावरून या संकटाची कल्पना यावी.

तीन-चार फूट पाण्यातून वेगाने जाणाऱ्या होडीचा पंखा गवत मुळासकट उपटून काढतो आणि तळाला चर पडतो. काही जातींच्या गवताला असा चर भरून काढण्यास अनेक वर्षे लागतात. तोपर्यंत प्रवाह त्याच्या कडा खात राहतो आणि लहान चराचे मोठे उघडे भगदाड होते. गळ टाकून बसलेल्याची तक्रार तर त्याहून साधी असते. इंजिनाच्या आवाजाने मासा बुजतो आणि तासाभराची प्रतीक्षा एका क्षणात वाया जाते. म्हणजे गळ टाकणाऱ्याची शांतता आणि गवताचे रक्षण या दोन गोष्टी येथे परस्परांशी निगडित आहेत.

मनाई माणसाला नव्हे

अमेरिकेच्या १९९७ च्या अभयारण्य सुधारणा कायद्याने शिकार, मासेमारी, वन्यजीव निरीक्षण, छायाचित्रण, पर्यावरण शिक्षण आणि निसर्गपरिचय या सहा उपयोगांना अग्रक्रम दिला आहे. मात्र अभयारण्याच्या मूळ हेतूशी ते सुसंगत असले पाहिजेत. या यादीत मासेमारी आहे, नौकाविहार नाही. याचा अर्थ असा की, मासे धरणे हे प्रयोजन, तर होडी हे केवळ साधन. साधनावर निर्बंध घातल्याने प्रयोजन नाकारले जात नाही.

मेरिट आयलंडच्या वाटणीमागे हेच तत्त्व दिसते. बनाना रिव्हर या शाखेचा उत्तर भाग मॅनेटीच्या रक्षणासाठी १९९० पासून यांत्रिक होड्यांना बंद आहे. वल्ह्याने किंवा दांड्याने होडी चालविणाऱ्यास तेथे मज्जाव नाही. यंत्र नुसते बंद ठेवून भागत नाही. ते होडीवरून उतरवून ठेवावे लागते, नाही तर होडी यांत्रिकच समजली जाते. नियम इतका स्पष्ट असल्यामुळे पहारेकऱ्याला वादात पडावे लागत नाही.

मॉस्किटो लगून या शाखेत २००६ साली वेगळी, मधली योजना अमलात आली. तेथील सुमारे ३,१०० एकर उथळ क्षेत्रात होडीला इंजिन असले तरी चालते. परंतु आखून दिलेल्या जलमार्गांबाहेर ते चालविता येत नाही. तेथे लांब दांड्याने होडी रेटावी किंवा विजेवर चालणारी लहान, संथ मोटर वापरावी. अशा योजनेवर एक रास्त आक्षेप संभवतो. वृद्धाने किंवा अपंगाने दांड्याने होडी किती दूर रेटावी? आखलेले जलमार्ग आणि विजेची मोटर ही त्याची उत्तरे होत. दुबळ्याला प्रवेश उरला नाही, तर ती वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही.

राखलेल्या पाण्याचा लाभ

निर्बंध म्हणजे तोटाच, ही समजूतही येथे खोटी ठरली. सुरक्षेच्या कारणास्तव १९६२ पासून तळालगतचे सुमारे ४० चौरस किलोमीटर पाणी लोकांना बंद झाले होते. तेथे मासे निर्वेधपणे वाढले, मोठे झाले आणि बाहेरच्या पाण्यात जाऊ लागले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात असे दाखवून देण्यात आले की, गळाने धरलेल्या काही जातींच्या विक्रमी आकाराच्या माशांपैकी अनेक याच बंद क्षेत्राच्या आसपास मिळाले होते. राखून ठेवलेल्या पाण्याचे फळ शेजारच्या पाण्यातील गळाला लागले.

रेषेपलीकडचे संकट

तथापि नकाशावरील रेषा सर्व संकटे अडवू शकत नाही. २०११ साली या खाडीत सूक्ष्म शैवालाची प्रचंड वाढ झाली. वस्त्यांतील सांडपाणी आणि बागांतील खते यांतून येणारी पोषकद्रव्ये अशा वाढीला खाद्य पुरवितात. पाणी गढुळले, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचेना आणि गवत मरू लागले. ही आपत्ती पुढेही ओढवत राहिली. २०२१ साली फ्लोरिडात सुमारे १,१०० मॅनेटी मृत्युमुखी पडले. त्यांतील अनेक उपासमारीने गेले. त्या हिवाळ्यात शासकीय यंत्रणांना या वन्य प्राण्यांना लेट्यूसची पाने खाऊ घालण्याची वेळ आली. पंख्यापासून वाचविलेले गवत सांडपाण्याने नेले.

मात्र लोक स्वस्थ बसले नव्हते. ब्रेव्हार्ड जिल्ह्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्येच दहा वर्षांसाठी डॉलरमागे अर्धा सेंट जादा विक्रीकर स्वतःवर लादून घेतला होता. खाडीतील गाळ काढणे, घरोघरचे शोषखड्डे बंद करून मलवाहिन्या टाकणे अशा कामांवर तो खर्च होतो. यांत्रिक होडीवाला आणि गळवाला यांच्या वादाचा शेवट असा दोघांनाही एकत्र आणणाऱ्या करात झाला.

आपल्या किनाऱ्याच्या संदर्भात

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. यांत्रिक ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातील संघर्षाच्या पार्श्वभूमीवर १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आला. पारंपरिक मच्छीमारांच्या हितासाठी ठराविक जलक्षेत्रात ठराविक प्रकारच्या नौकांवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्याने शासनाला दिला. १९८७ साली मालवण येथे सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा उपजीविकेच्या काळजीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. फ्लोरिडातील गळवाल्यांचा प्रश्न बहुतांशी विरंगुळ्याचा आहे. आपल्याकडे तो चुलीचा आहे. म्हणून येथे वाटणी अधिक काळजीपूर्वक करावयास हवी.

परंतु तत्त्व तेच राहील. निर्बंध माणसावर नसावा, साधनावर असावा. सबंध पाण्यावर नसावा, नेमक्या जागी असावा. आणि तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येण्याइतका सुबोध असावा. ग्रामपंचायतीने मात्र आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. खाडीवरील होड्यांचा वाद मिटविण्यापूर्वी आपल्या गावाचे गटार त्याच खाडीत कोठे उतरते, हे एकदा जाऊन पाहावे.