आपल्या वस्तीचे वाचन मंडळ



शाळेत पुस्तकांची पेटी उघडली की तुमच्या तिच्यावर उड्या पडतात. पण सुट्टी लागली की पुस्तक नजरेआड! मी पहिली-दुसरीला शिकवते. एप्रिलमध्ये घडाघडा वाचणारे मूल जूनमध्ये अडखळते, हे मी दर वर्षी पाहते. त्याची बुद्धी कुठे गेलेली नसते, मधल्या दिवसांत त्याच्या हाती पुस्तकच आलेले नसते. म्हणून तिसरी-चौथीच्या मुलामुलींनी आपापल्या वस्तीवर धाकट्यांसाठी वाचन मंडळ काढावे. ते कसे, ते आज पाहू.

नाशिक शहरातले सार्वजनिक वाचनालय १८४० साली सुरू झाले. पुस्तक हवे असेल तर वाचकाने वाचनालयात जायचे, ही जुनी रीत. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली नाशिकमध्येच याच्या उलट केले. विनायक रानडे यांच्या पुढाकाराने 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना निघाली. एका पेटीत १०० पुस्तके. पेटी एखाद्याच्या घरी ठेवायची, आसपासच्या लोकांनी पुस्तके वाचायची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल करायची. नाशिकची ही पेटी पुढे थेट दुबईला पोचली! कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर. त्यांचे बालपण आपल्याच जिल्ह्यात, पिंपळगाव बसवंतला गेले.

यातून आपण एवढेच घ्यायचे, की पुस्तकाने वाचकाच्या दारी जावे. आपल्याला १०० पुस्तके नकोत, दहा पुरेत.

(१) जागा : ओटा, पडवी किंवा झाडाची सावली. जिथे कुणालाही यायला संकोच वाटणार नाही, अशी.

(२) वेळ : आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी अर्धा तास. वार ठरला की मोडायचा नाही. दोनच मुलं आली तरी वाचायचं.

(३) पुस्तके : शाळेच्या पेटीतून बाईंना सांगून, नोंद करून न्यावीत. मोठी चित्रे आणि थोडी अक्षरे असलेली निवडावीत. बालभारती १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते. त्याचे जुने अंकही चालतील.

(४) वाचन : धाकट्यांना पुढे बसवा. पुस्तक असे धरा की चित्र त्यांना दिसेल. सावकाश वाचा आणि शब्दाखाली बोट फिरवा, म्हणजे ऐकलेला शब्द नि छापलेला शब्द एकच, हे त्यांना उमगते. पान उलटण्याआधी थांबा नि विचारा, "आता काय होईल गं?" तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नका. गोष्ट पाठ झाली की मूल आपणहून अक्षर शोधू लागते. घरी कुणी कोकणी बोलते, कुणी अहिराणी. वाचा मराठीत, पण अडले तर त्यांच्या घरच्या बोलीत सांगा. चुकले म्हणून कुणी हसायचे नाही.

(५) नोंद : एका वहीत नाव, पुस्तक आणि तारीख लिहा. पान फाटले तर गव्हाच्या पिठाची खळ करून पातळ कागदाने चिकटवा. पाठीत धपाटा नको! फाटलेले पुस्तक दुरुस्त होते, पण घाबरलेले मूल पुस्तकाजवळ फिरकत नाही.

आता खरी अडचण. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत कामाला येतात. त्यांची मुलं सोबत असतात. "ती चार दिवसांनी जातील, पुस्तक परत कोण देणार?" असं मोठी माणसं म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही, एखादं पुस्तक जाईलही. पण वाचनाचा धागा सगळ्यांत आधी तुटतो तो याच मुलांचा. एक गाव सुटते, दुसरे अजून आपले झालेले नसते. त्यांना बाजूला बसवून आपण गोष्टी वाचल्या, तर ते मंडळ साऱ्या वस्तीचे कसे म्हणायचे?

म्हणून माझे सांगणे असे. या मुलांना पहिल्या दिवसापासून बोलवा आणि पुस्तक घरीही न्यायला द्या. आईबापांना वाचता येत नसेल तर मुलाला सांगा, "चित्रं दाखवून आईला गोष्ट सांग." ती गावी परत निघाली की एक पुस्तक त्यांना भेट द्या. त्यासाठी पेटीतले नको, आपण जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर चित्रे काढून, गोष्ट लिहून, दोऱ्याने शिवलेले पुस्तक द्या. ते परत मागायची गरजच नाही.

ज्यांना मंडळ काढायचे आहे, त्यांनी वस्तीचे नाव आणि ठरवलेला वार वर्गशिक्षकांकडे द्यावा. पहिल्या दिवशी मी येईन आणि तुमच्या धाकट्यांबरोबर खाली बसून ऐकेन. वाचायचे मात्र तुम्ही!