गजकर्ण आणि दुकानातले मलम



उसाला पाणी देताना, पाचट काढताना अंग घामेजते, कपडे ओले राहतात आणि जांघेत, कमरेला गजकर्ण उठते. ही बुरशी आहे; ‘रक्त बिघडले’ म्हणून ती होत नाही.

पुष्कळजण दुकानातून मलम आणतात. त्यात स्टिरॉइड असले तर खाज चटकन थांबते, पण बुरशी पसरतच राहते. मलम सोडले की पुन्हा जोराने उठते, कातडीही पातळ होते. स्टिरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ साली झाला तो यासाठीच.

काय करावे?

१. डॉक्टरांना दाखवून औषध सांगितले तितके दिवस पुरे करावे.

२. टॉवेल, कपडे प्रत्येकाचे वेगळे ठेवावेत व उन्हात वाळवावेत. घरात दुसऱ्याला असेल तर त्याचाही इलाज बरोबरच करावा.

३. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासावी.

४. शेवग्याचा पाला, पपई, पेरू, आवळा, डाळी, शेंगदाणे खावेत. त्याने कातडीला बळ मिळते. गजकर्ण मात्र नुसत्या आहाराने जात नाही.

खाज थांबली म्हणजे रोग गेला, असे समजू नये.