पाय एकदाच घ्यायचा नसतो

पाय कापावा लागला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "कृत्रिम पाय कितीला पडेल?" खरं तर विचारायला हवं ते हे, की दहा वर्षांत त्यावर किती जाईल?

अंदाज हवा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा एक निकाल पाहा. दावा उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाविरुद्धचा, बस अपघाताचा. पायाची किंमत २ लाख ६० हजार, तो टिकणार पाच-सहा वर्षं, आणि दर सहा महिने-वर्षाला दुरुस्तीचे १५ ते २० हजार, असा हिशोब न्यायालयापुढे होता. न्यायालयाने पायांसाठी ७ लाख ८० हजार आणि देखभालीसाठी वेगळे ५ लाख दिले. अपघाताचा दावा लावणार असाल, तर एकाच पायाचं बिल जोडून गप्प बसू नका.

पैसे जिरतात ते सॉकेटमध्ये. उरलेला पाय ज्यात बसतो तो हा साचा. पहिल्या वर्षात तो उरलेला भाग सुकत जातो. सकाळी एक मोजा पुरतो, संध्याकाळी तीन चढवावे लागतात. पुढे मोज्यांनीही भागत नाही, पाय आत डुगडुगतो, कातडी सोलवटते. मग नवा सॉकेट. आतला सिलिकॉनचा लायनरही घामाने आणि घासून जातो, तोही अधूनमधून बदलायचा. लोक पाऊल कुठल्या कंपनीचं ते विचारत बसतात. चालणं ठरतं सॉकेटवर.

आता विमा. "सगळं कव्हर आहे हो," असं एजंट म्हणेल. पॉलिसी उघडून बघा. मेडिक्लेमची हद्द बहुधा कातडीपाशी संपते. शस्त्रक्रियेत आत बसवलेला सांधा किंवा रॉड मिळतो. बाहेरून लावायचा पाय बहुतेक पॉलिसींत नाही. गुडघ्याचा ब्रेस, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर हेही न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतात. अपघात विमा वेगळा. वर्षाला २० रुपयांच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत अपघाताने एक पाय गेला तर १ लाख, दोन्ही गेले तर २ लाख मिळतात. मधुमेहाने पाय गेला तर मात्र दमडीही नाही.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर आधी तिथेच जा. विमाधारकाला कृत्रिम अवयव देण्याची तरतूद त्यांच्याकडे आहे. नाहीतर केंद्राची एडिप योजना: किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत निम्मी. एकदा लाभ घेतला की मोठ्यांना तीन वर्षं पुन्हा मिळत नाही, म्हणून पहिलं माप घाईत देऊ नका. जयपूर फूटवाली भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून फुकट पाय बसवते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पुण्याचं १९४४ चं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर मुळात फौजींसाठी, पण पैसे भरून इतरांनाही पाय करून देतं.

खासगीत गेलात तर कोटेशनमध्ये सॉकेट, लायनर, सांधा आणि पाऊल यांचे भाव वेगवेगळे मागा. आणि वर्षभरात सॉकेट सैल झाला तर बदलून देणार का, किती घेणार, हे सही करण्याआधी त्याच कागदावर लिहून घ्या.