चाल कोणाच्या गळ्यात आहे?

आजचा शास्त्रभाग: कलस्सैकरांस पत्र ३:१६
सोबत वाचा: हबक्कूक ३:१७-१९, स्तोत्र १३



आजचं वचन बहुतेकांना पाठ असेल. ख्रिस्ताचं वचन आपल्यामध्ये भरपूर राहावं, असं पौल सांगतो. पण ते राहावं कसं? बायबल रोज वाचा, उपदेश ऐका, असं उत्तर आपण देऊ. पौल इथे वेगळं उत्तर देतो. स्तोत्रं, गीतं आणि आत्मिक गायनं यांनी एकमेकांना शिकवा, बोध करा, असं तो म्हणतो. म्हणजे मंडळीत गाणं हे उपदेशाच्या आधी वातावरण तयार करण्यासाठी नाही. गाणं स्वतःच शिकवण आहे. आणि शिकवणारा स्टेजवरचा एक जण नाही, बाकावर बसलेले सगळे आहेत. ‘एकमेकांना’ हा शब्द नीट धरून ठेवा, आज आपल्याला तो पुन्हा पुन्हा लागणार आहे.

माझं लहानपण लातूरला गेलं, आजोळ नांदेडचं. नोकरीमुळे आता पुण्यात आहे. ब्लॉग वाचणारे तुम्ही बरेच जण असेच पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूरला आहात. रविवारी आपण जिथे जातो तिथे गिटार, ड्रम, मोठा स्क्रीन असतो आणि गाणी बहुतेक इंग्रजी किंवा हिंदी असतात. त्यात वाईट काही नाही, मलाही ती आवडतात. पण आपण ज्या मंडळ्यांमधून आलो, तिथे पेटी, ढोलकी, झांज आणि अभंगाच्या चाली होत्या. त्यांचं आता काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

आधी थोडा इतिहास बघू, म्हणजे वचन अधिक उघडेल.

मराठवाड्यात प्रेस्बिटेरियन परंपरेचं काम जालन्यातून सुरू झालं. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा मुंबईत १८४३ मध्ये झाला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून त्यांनी जालना हे कार्यक्षेत्र निवडलं आणि जवळच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. हे फ्री चर्चही १८४३ मध्येच स्कॉटलंडच्या सरकारमान्य चर्चमधून वेगळं झालं होतं. गंमत अशी की, ज्या मंडळीने हे काम उभं केलं, तिच्या स्वतःच्या घरी उपासनेत वाद्यच नव्हतं. तिथे गायची ती दाविदाची स्तोत्रं, आणि तीही नुसत्या गळ्याने. इतर गीतं गायला फ्री चर्चने १८७२ मध्ये परवानगी दिली आणि वाद्याला थेट १८८३ मध्ये!

आज आपल्याला हे फार कडक वाटतं. पण यामागचं कारण समजून घ्या. कॅल्विनच्या काळापूर्वी युरोपात उपासनेतलं गायन मुख्यतः पाळक आणि गायकवृंद करत, तेही लॅटिनमध्ये. लोक ऐकत उभे राहत. कॅल्विनने जिनिव्हात स्तोत्रं लोकांच्या भाषेत, पद्यात आणली. सगळ्या १५० स्तोत्रांचं ते पुस्तक १५६२ मध्ये पूर्ण झालं. वाद्य बाजूला ठेवलं, कारण लोकांचा आवाज आणि वचनाचे शब्द त्याच्याखाली दबू नयेत. थोडक्यात तत्त्व तीन: वचन गावं, ते आपल्या भाषेत गावं, आणि सगळ्यांनी गावं.

आता स्कॉटलंडमध्ये अडचण अशी होती की, अनेकांना वाचता येत नव्हतं. मग वचन गाणार कसं? १६४५ च्या उपासनेच्या निर्देशिकेत यावर उपाय दिलेला आहे. जिथे पुष्कळांना वाचता येत नाही, तिथे पाळकाने किंवा दुसऱ्या योग्य माणसाने स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचावी आणि मंडळीने ती गावी. हे वाचलं की मराठी माणसाला लगेच काय आठवतं? भजन! बुवा ओळ सांगतात, टाळकरी ती उचलतात. कुठे एडिंबरा, कुठे मराठवाडा. पण गरज एकच होती आणि उपायही जवळजवळ एकच निघाला.

अजून एक साम्य बघा, इंजिनिअर मंडळींना विशेष आवडेल. १६५० च्या स्कॉटिश स्तोत्रपुस्तकात बहुतेक स्तोत्रं एकाच मापात बसवलेली आहेत: आठ, सहा, आठ, सहा अवयव. त्यामुळे मोजक्या चाली पाठ असल्या की जवळजवळ सगळं पुस्तक गाता येतं. आता आपला मोठा अभंग घ्या. तिथे सहा, सहा, सहा, चार अक्षरं. एक चाल येत असली की शेकडो अभंग त्या चालीत बसतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचं तर इंटरफेस ठरलेला आहे, आतला मजकूर बदलत राहतो. हे साधेपणाचं डिझाइन आहे, आणि ते मुद्दाम गरीब, अडाणी, थकलेल्या माणसासाठी केलेलं आहे. दिवसभर रानात राबून आलेल्या बाईला रात्रीच्या प्रार्थनेत गाता आलं पाहिजे, ही त्याची कसोटी.

महाराष्ट्रात हे काम ज्यांनी पुढे नेलं त्यांत अहमदनगरचे कृष्णा रत्नाजी सांगळे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची नावं आधी येतात. सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि १९१९ मध्ये ते प्रभूकडे गेले. मधल्या जेमतेम २४ वर्षांत मराठी मंडळीला त्यांनी अभंग, पदं, भजनं दिली. ज्ञानेश्वर-तुकारामांची वाट त्यांनी टाकून दिली नाही, त्याच वाटेने ते ख्रिस्ताकडे आले, असं ते मोकळेपणी सांगत. टिळक प्रेस्बिटेरियन नव्हते, त्यांचं मिशन अमेरिकन काँग्रिगेशनल होतं. पण १९२४ मध्ये उत्तर भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या, आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यामुळे जालना, कोल्हापूर आणि अहमदनगर हे तिन्ही वारसे आज एकाच कुटुंबातले आहेत.

इथे कोणी विचारेल, अभंग तर वारकऱ्यांचा, तो चर्चमध्ये कसा चालेल? प्रश्न प्रामाणिक आहे, टाळू नका. स्तोत्रसंहितेतच पाहू. स्तोत्र २२ च्या मथळ्यात पहाटेच्या हरिणीचा उल्लेख आहे, स्तोत्र ४५ च्या मथळ्यात कमळांचा. अनेक अभ्यासक मानतात की ही त्या काळच्या परिचित चालींची नावं आहेत. आपल्या जुन्या गीतपुस्तकांतही गीताच्या वर ‘चाल’ म्हणून एखाद्या माहितीच्या पदाचं नाव छापलेलं असतं, अगदी तसंच. छंद हे भांडं आहे. भांड्यात काय आहे, ते पारखायचं. आपल्या भागाला तर हे वेगळं शिकवायची गरजच नाही. नामदेवांचं जन्मस्थान म्हणून मान असलेलं नर्सी हिंगोली जिल्ह्यात, नांदेडच्या शेजारी. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे इथल्या मातीतल्या संताची वाणी पंजाबात गेली आणि नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात आज ती शीख बांधवांच्या कीर्तनाचा भाग आहे. गाणं किती लांब चालतं आणि काय काय वाहून नेतं, हे नांदेडकराला कोणी सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. कोणती गाणी आपण गमावतो आहोत?

आपल्या मोबाइलमधली प्लेलिस्ट उघडा. विजय, आनंद, आशीर्वाद, चमत्कार. सगळं खरंच आहे. पण १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून जास्त स्तोत्रं विलापाची आहेत. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं आहे, आणि त्यात दावीद देवाला चार वेळा विचारतो की, हे कुठवर चालायचं? स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. शेवटी ‘हालेलुया’ नाही. ज्या मंडळीने स्तोत्रसंहिता पूर्ण गायची सवय लावली, तिच्या तोंडी ही गाणीही आपोआप आली. सोयीची निवडून बाकीची वगळायची मुभाच नव्हती.

लातूरच्या माणसाला ही गाणी का लागतात, हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या घरात आजही हळू आवाजात सांगितली जाते. आणि २०१६ चा उन्हाळा तर माझ्या पिढीने पाहिला. नळ कोरडे, टँकरसमोर घागरींच्या रांगा. १२ एप्रिलला पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती आली मिरजेहून. तंबोरे घडवणारं आणि प्रेस्बिटेरियन मिशनचं दवाखान्याचं गाव म्हणून ओळखलं जाणारं तेच मिरज.

अशा उन्हाळ्यात मंडळीने काय गावं? हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचा. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, शेतात पीक नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. हे वर्णन मराठवाड्यातलं म्हणून खपेल! तरीही मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, असं संदेष्टा म्हणतो. पण शेवटची ओळ आपण बहुधा सोडून देतो. तिथे मुख्य गवयासाठी सूचना आहे: हे तंतुवाद्यांवर गायचं. म्हणजे रिकाम्या गोठ्याचं हे दुःख एकट्याने उशीत तोंड खुपसून सोसायचं नाही. ते मंडळीत, साथीला वाद्य घेऊन, सगळ्यांनी मिळून देवासमोर मांडायचं. ज्याच्या घरात पीक आलं त्यानेही ते गायचं, कारण शेजाऱ्याच्या घरात आलेलं नाही. पौलाचा ‘एकमेकांना’ इथे पूर्ण कळतो.

प्रेषितांची कृत्ये १६:२५ मध्ये पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात गातात. पाठीवर फटक्यांचे वळ, पाय खोड्यात. त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं, दिवा नव्हता. जे आत साठलेलं होतं तेच बाहेर आलं, आणि बाकीचे कैदी ऐकत होते. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. शेवटच्या आजारपणात तिला नातवंडांची नावं आठवेनाशी झाली, पण गीताची पहिली ओळ कोणी म्हटली की पुढची चार कडवी ती म्हणायची. नेटवर्क गेलं, चार्जिंग गेलं, डोळे गेले, तरी जे उघडतं ते हे. वचन ‘भरपूर राहतं’ म्हणजे काय, ते मी तिच्या खाटेपाशी पाहिलं.

म्हणूनच एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आमच्या गावाकडच्या मंडळीत पेटी वाजवणारे काका दोन वर्षांपूर्वी वारले. पुढच्या उपासनेत एक जुनं गीत घ्यायचं ठरलं. ‘उपासना संगीत’ सगळ्यांच्या हातात होतं, शब्द समोर होते, पण चाल कोणालाच नीट उठेना. दोन ओळी म्हणून लोक थांबले आणि दुसरं गीत घेतलं. बाकी काही घडलं नाही. पण शब्द छापलेले राहतात, आणि अशा कित्येक चाली मात्र कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्या माणसांच्या गळ्यात आहेत, आणि त्या माणसांची वयं सत्तर-ऐंशी आहेत.

१ इतिहास २५ मध्ये मंदिरातल्या गायकांची संख्या २८८ दिली आहे, आणि चिठ्ठ्या टाकताना गुरू आणि शिष्य, लहान आणि मोठा, असा भेद केला नाही असं लिहिलं आहे. म्हणजे शिकणारा तिथे शिकवणाऱ्याच्या बाजूलाच उभा होता. आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत?

आजसाठी तीन साध्या गोष्टी:

१. घरी फोन लावा. आई, आजोबा, आत्या, जे कोणी असतील त्यांना एक जुनं गीत म्हणायला सांगा आणि रेकॉर्ड करा. आवाज कापला तरी चालेल. गीताचा क्रमांक आणि चाल लिहून ठेवा.

२. नुसतं रेकॉर्ड करून ड्राइव्हवर टाकू नका. एक तरी गीत स्वतः पाठ करा, सगळ्या कडव्यांसह.

३. तुमच्या शहरातल्या ग्रुपमध्ये या महिन्यात एकदा स्तोत्र १३ गा किंवा मोठ्याने वाचा. कोणाची नोकरी गेली असेल, कोणाच्या घरी कर्ज असेल. त्यांना लगेच ‘आनंदी राहा’ म्हणू नका. आधी त्यांच्यासोबत ‘कुठवर?’ असं विचारा.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या वाडवडिलांच्या मुखात तू गीत घातलंस, त्याबद्दल तुझे आभार. दुष्काळातही ज्यांनी तुझी स्तुती सोडली नाही, त्यांचा आवाज आमच्यात बंद पडू देऊ नकोस. आम्हांला आनंदात गायला शिकव आणि रडतानाही गायला शिकव. तुझं वचन आमच्या ओठांवर आणि एकमेकांच्या कानांवर भरपूर राहो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.