लस टोचली, पण कोणती?

माझ्या मुलीच्या लसीकरणाच्या कार्डावर अडीच महिन्यांच्या रकान्यात एक बरोबरची खूण आहे, पुढे तारीख आणि डॉक्टरांची कोंबडीनं माती उकरल्यासारखी सही. लसीचं नाव नाही, कंपनी नाही, बॅच नंबर नाही. या कोऱ्या जागेची किंमत त्याच संध्याकाळी कळली.

दुपारी खासगी दवाखान्यात लस टोचली. बाहेर गर्दी होती, त्यामुळे 'निघा आता' असं सिस्टरांनीच सांगितलं. सहाच्या सुमारास बाळ एकदम पांढरंफटक पडलं. हातपाय ढिले, ओठ फिके, हाक मारली तर नजर देईना. सासूबाई तळपाय चोळत होत्या आणि आम्ही रिक्षा शोधत होतो. जवळच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती रडायला लागली होती. त्या रडण्याएवढं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दुपारची लस साधी होती की न दुखणारी?" कार्डावरून कळेना. दवाखान्यात फोन केला, तर उत्तर आलं, "पेंटाच असेल," म्हणजे पाच रोगांवरची एकत्रित लस. असेल! दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "होतं असं कधीकधी, घाबरू नका." ते खोटं नव्हतं. पण त्यांनी ना कार्डावर काही लिहिलं, ना कुणाला कळवलं.

साधी आणि न दुखणारी यांतला फरक फक्त दुखण्याचा नाही. साध्या लसीत डांग्या खोकल्याचे अख्खे मारलेले जंतू असतात, तर न दुखणारीत त्या जंतूंची निवडक प्रथिनं. साधीनं ताप जास्त येतो आणि बाळ असं लुळं पडण्याचा प्रकारही तिच्यानंतर अधिक दिसतो. तो बहुधा पहिल्या दोन दिवसांत घडतो आणि आपोआप ओसरतो. हे मला पुढच्या डोसच्या वेळी नव्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं. त्यांनी आधी कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं झालेला प्रकार लिहिला, मग लस दिली आणि आम्हाला बराच वेळ तिथेच बसवून ठेवलं. लस थांबवू नका, हेही त्यांनी बजावलं. तान्ह्या बाळाचा डांग्या खोकला जिवावर बेततो. मुलीचे पुढचे सगळे डोस नीट झाले.

म्हणून सांगते, खुर्चीतून उठण्याआधी कार्ड वाचा. लसीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, मुदत, तारीख, कोणत्या मांडीत दिली आणि कुणी दिली, एवढं हवंच. खासगीतल्या बऱ्याच लसींच्या कुपीवर सोलून काढता येणारं लेबल असतं. ते कार्डावर चिकटवायला सांगा. लेबल नसेल तर खोक्याचा फोटो काढा. सिस्टर वैतागल्या तर वैतागू द्या. आपल्याकडे रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपण्याचा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे, पण तो दाखल झालेल्या रुग्णांपुरता. लस घेऊन घरी गेलेलं बाळ त्यात बसत नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं बालकांच्या ठरावीक लसींसाठी उत्पादक, बॅच नंबर आणि लस देणाऱ्याचं नाव कायमच्या नोंदीत लिहिणं डॉक्टरांना बंधनकारक केलं. न्यू जर्सीतल्या माझ्या नणंदेला हे कधी मागावं लागत नाही.

अर्धा तास तिथेच बसायचं, मग गर्दी कितीही असो. जिवावर बेतणारी ॲलर्जी बहुतेक वेळा त्याच अर्ध्या तासात उठते आणि तिच्यावरचं इंजेक्शन दवाखान्यात असतं, रिक्षात नाही. घरी गेल्यावर ताप किंवा मांडीवर गाठ आली तर घाबरायचं कारण नाही. मात्र झटका आला, बाळ निपचित पडलं, श्वास लागला किंवा तीन तास उलटूनही रडणं थांबेना, तर सरळ हॉस्पिटल गाठा आणि कार्ड बरोबर न्या.

आता डॉक्टरांविषयी. गंभीर घटना चोवीस तासांत आरोग्य खात्याला कळवावी, असं सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात आणि त्यात खासगी डॉक्टरही येतात. ते का कळवत नाहीत, हे मला समजतं. नाव खराब होईल, लोक दवाखान्यावर चालून येतील, ही भीती खोटी नाही. पण कळवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. दोष लसीचा, साठवणीचा, टोचणाऱ्याचा की निव्वळ योगायोग, हे तज्ज्ञांची समिती नंतर ठरवते. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजला गेला. चूक कळल्यामुळेच मुलांवर लगेच उपचार झाले आणि लशीवर बालंट आलं नाही. एकाच बॅचची दोन बाळं दोन गावांत आजारी पडली, तर तो धागा जुळायला दोन्हीकडची नोंद लागते. 'होतं असं' म्हणून विषय मिटवणारा डॉक्टर तो धागाच तोडतो. माझ्या मते हा हलगर्जीपणाच आहे, मग डॉक्टर स्वभावानं कितीही भला असो.

डॉक्टर कळवत नसतील तर तुम्ही कळवा. गावात आशाताई, नर्सबाई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग. जिल्हा परिषदेत माता व बालसंगोपन अधिकारी असतात, त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिवाय औषधांच्या आणि लसींच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. तिथे पालकही थेट कळवू शकतात. डॉक्टरांची सही लागत नाही.