हरिपाठ आणि मॉर्फिन

प्रश्न : वडिलांचा स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरलाय. केमो थांबवली. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलंय, पण आई म्हणते, ‘पांडुरंग बघून घेईल, नशेची गोळी नको.’ काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात आई आहे, डॉक्टर आहेत, पांडुरंग आहे, वडील काय म्हणतात ते नाही. आधी त्यांना विचारा. किती दुखतं, कशाची भीती वाटते, कुणाला भेटायचंय. आपल्याकडे नेमकं हेच राहून जातं.

आईंशी वाद नको. कळवळणाऱ्या माणसाला हरिपाठ म्हणता येत नाही, एवढंच सांगा. कर्करोगाच्या वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. साधी गोळी बहुधा दर 4 तासांनी, घड्याळ लावून देतात. दुखण्याची वाट पाहायची नाही. गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक मागून घ्या.

मुंबईत टाटा रुग्णालयात, पुण्यात वारज्याच्या सिप्ला केंद्रात वेदनाशामक उपचारांचे तज्ज्ञ आहेत. पहिल्या भेटीला आईंना सोबत न्याच. त्यांच्या शंका त्यांनीच विचाराव्यात.